गुराबीचा खरा रंग

३ नोव्हेंबर
रिटायर झाल्यावर काय करावं हे तुळशीरामने मला शिकवू नये. माझा मेहुणा, सुचिताचा थोरला भाऊ. न्हावा शेव्याला क्रेन चालवली म्हणून स्वतःला दर्यावर्दी समजतो! बोर्लीच्या वाचनालयात जानेवारीत जुन्या मराठी आरमाराच्या मॉडेल्सचं प्रदर्शन आहे. सर्वांत खरं वाटणारं जहाज काचेच्या कपाटात कायमचं राहणार, करणाऱ्याच्या नावासकट. तुळशीराम गुराब करतोय, म्हणजे डोलकाठ्यांचं तोफा लावलेलं लढाऊ जहाज. मीही गुराबच करणार. कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांसाठी फायली नेल्या. एकदा तरी माझं नाव काचेमागे पाहिजे.

१९ नोव्हेंबर
सांगाडा तयार. डोलकाठ्या वाकड्या. वाऱ्याने वाकल्या असं सांगता येईल. खरी परीक्षा रंगाची. खाऱ्या पाण्यात मुरलेलं सागवान कसं दिसतं, ते ओळखायला नजर लागते. मला आहे.

२० नोव्हेंबर
दुकानदार अनंताने ब्राऊनचा तयार डबा पुढे केला. परत केला. लेबल वाचून रंग घ्यायला मी काय तुळशीराम आहे? माळ्यावर दारं-खिडक्या रंगवून उरलेले डबे आहेत. नजरेने मिक्स करणार.

४ डिसेंबर
पहिला हात दिला. अप्रतिम. सुचिता म्हणाली, अहो, हे हिरवं झालंय. भावाची बाजू घेते. तसं तोंडावर बोललो. भांडी आपटत आत गेली.

५ डिसेंबर, सकाळ
बाजारातून टोमॅटो आणले. कच्चेच उचललेत म्हणून पुन्हा कटकट. कालचा राग टोमॅटोवर.

१७ डिसेंबर
शेजारचा सुजित डोकावला. म्हणे, काका, पोपट करताय काय? अक्कल शून्य. दार लावून घेतलं.
निश्चय: प्रदर्शनापर्यंत कोणाचंही मत ऐकायचं नाही.

२ जानेवारी
तुळशीराम त्याची गुराब मला दाखवत नाही. फाटली असणार. सुचिता मात्र बघून आली. अगदी खरी वाटते म्हणे! म्हणजे बेकरीतल्या केकसारखी चॉकलेटी केली असणार. मी तिसरा हात दिला.

१२ जानेवारी, दुपार
घोर अपमान! वाचनालयाच्या राही मॅडमनी माझी गुराब शत्रूच्या बाजूला मांडली. पाटी लावली, फिरंगी जहाज. समोर तुळशीरामची, तोफा माझ्यावर रोखून. जाब विचारला. मॅडम म्हणे, सगळ्यांनी आपलीच जहाजं आणली, शत्रू कोणी आणलाच नाही, तुमचं एकच वेगळं दिसलं, बरं झालं.

मग तुळशीरामची जवळून बघितली आणि टाळकंच सरकलं. रंग माझा! हुबेहूब माझा! चोर मेला! सुचितानेच फितुरी केली असणार. दोन्ही गुराबी उचलून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि अख्ख्या हॉलला ओरडून विचारलं, सांगा, आहे का तसूभर तरी फरक?

लोक पाट्या वाचायला लागले. सुजितसुद्धा खाली बघत होता. माझ्यावर हसायची एक संधी न सोडणारा तुळशीराम, तोही हसला नाही. हळूच म्हणाला, दाजी, माझी तपकिरी हाय, तुमची हिरवी हाय. चला, भायेर चहा घेऊ.
चहा घेतला नाही.

१२ जानेवारी, संध्याकाळ
कपाटात तुळशीरामची गेली. माझी परत आणली. अजून बघतोय. सागवानच दिसतं.

सुचिताला विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, लग्नात माझा हिरवा चुडा बघून लाल शोभतो म्हणालात, तेव्हापासून. मग तेव्हाच का नाही सांगितलंस, म्हणून खेकसलो.

म्हणाली, सांगितलं होतं. तेव्हाही असेच खेकसला होतात.