कठडा धरून चालणारा मुलगा

रविवार, संध्याकाळ

चारूला बघायला आलेला मुलगा आमचा जिना कठडा धरून चढला. धडधाकट माणूस, एकच मजला, मग कठडा कशाला? गुडघा गेलाय की नजर? संशय तर आधीपासूनच होता. म्हणे, समुद्रातल्या तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मचा सल्लागार इंजिनिअर, आणि ऑफिस समुद्रापासून शेकडो मैल दूर, आमच्या चिकलठाण्यात! इथं नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि हा समुद्र सांभाळणार.

निघताना जिन्याच्या तोंडाशी पुन्हा हात कठड्यावर. मी विचारलंच, "पायाला काही त्रास?"

"नाही काका. तपासणीला प्लॅटफॉर्मवर जावं लागतं. तिथं कठडा सोडून जिना उतरलं की परत किनाऱ्यावर धाडतात. सवय लागली."

"अहो, जावई बघताय की चोर?" ही कानाशी पुटपुटली.

उत्तर चोख होतं. चोख उत्तरांचाच मला जास्त संशय येतो. "उद्या कळवतो," म्हणालो. मनात नकारच होता.

चारू त्याला फाटकापर्यंत सोडायला निघाली. दोन-दोन पायऱ्या गाळून उड्या मारत उतरणारी माझी पोरगी आज कठडा धरून, सावकाश खाली गेली.

उद्या कळवतो म्हणालो खरा. पण कळवून झालंय.