आपोआप सरकणारा बाण

रविवार संध्याकाळ, दौंड

आधी क्रमाने लिहिते.

सकाळी न्हावऱ्याला, मामांच्या पशुखाद्याच्या दुकानात गेले. खंडेनवमीला त्यांनी काँप्युटरची पूजा केली, माउसलाही कुंकू लावलं. त्या दाबादाबीत काहीतरी क्लिक झालं आणि तेव्हापासून कुठलाही प्रोग्राम उघडायला गेलं की नोटपॅडमध्ये नुसती अगम्य अक्षरं.

"देवालाच नकु आसंल तुमचा काँप्युटर," मामी मामांना म्हणाली.

रजिस्ट्रीतली, म्हणजे काँप्युटरच्या आतल्या सेटिंगमधली, चुकीची नोंद काढून मी काँप्युटर पुन्हा सुरू केला. सगळं उघडलं. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

मग पडद्यावरचा बाण हलला. माउसला कुणाचाच हात नव्हता. बाण सरळ बँकेच्या खात्याकडे गेला. दुकानाचं सगळं त्याच खात्यात आहे. मी इंटरनेटची वायर उपसली.

"आगं, काय करतीस? बँकेतलं सायेब हायती ते," मामा म्हणाले. "नवमीच्या आदी फोनवर सांगून त्यांनीच तिकडनं काँप्युटर चालवायचा प्रोग्राम टाकाया लावला. लई नम्र माणूस. आप्पा आप्पा करत्यात."

बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून खातं गोठवायला लावलं. पैसे शाबूत आहेत. म्हणजे इतके दिवस त्या भामट्याचाही प्रोग्राम उघडत नव्हता, त्याला त्या बिघाडानेच बाहेर ठेवलं होतं, आणि तो बिघाड मी काढला. किती सावकाश सरकत होता तो बाण.

"आता सायेबांना काय सांगू?" मामांनी विचारलं. "सकाळधरनं सारखा फोन करत्यात. भाची आली का, म्हणून."