आकडा मावला नाई

पुणे, ८ ऑगस्ट १९९८

प्रिय आईले गुंजनचा पाया पडून नमस्कार.

मी इथं बरी आहो. मेसचं जेवणही आता जमते.

काल कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिला. मागचे दोन आकडे मिळवून पुढचा काढाचा, बस. आकडे वाढत गेले अन् मधातच एकदम उणे आले. सर म्हणाले, "बेरीज बरोबर आहे. आकड्यासाठी ठेवलेली जागा लहान पडली. मशीन तसं सांगत नाही, चुकीचं दाखवत राहतं."

तुह्या हरेक पत्रात बाबा मजेत आहेत. पण जयवंता मावशीनं लिहिलं, आष्टीच्या बाजाराच्या दिवशीही आपलं दुकान बंद होतं म्हणे. काऊन?

एकटी किती साठवून ठेवशीन? मले खरं लिहिजो. माह्यापाशी जागा आहे, आई.

तुही,
गुंजन