मसणवाटेवरचं फाटक

७ सप्टेंबर, रविवार
सकाळच्या एसटीनं भोरहून निघाले, पुढं जीपनं वाडीवर. दादांची, म्हणजे वडलांची, नजर गेल्यापासून दर रविवारी हेच. मी वाचते, ते ऐकतात. सध्या ती परदेशातल्या क्रांतीची जाड कादंबरी. आज सरदाराच्या रानात सरपण तोडलं म्हणून एकाला फाशी देतात, ते प्रकरण.  दादा म्हणाले, म्होरं वाच.

धाकट्या भावाचं, विजूचं डोकं फिरलंय. पुण्याच्या फार्महाऊसवाल्यानं नदीकडच्या वाटेला फाटक घातलं. आम्हा बौद्धांच्या मसणवट्याची तीच एक वाट. गावच्या मसणवट्यात आम्हाला कोण घेतंय. अर्ज दिलाय. मोजणी होईल म्हणतात.

१४ सप्टें., रवि.
पाऊस. पुस्तकात लोकांनी सरदाराचा वाडा जाळला. दादा मांडीवर थाप मारत ऐकत होते. विजू दारात उभा होता, मला दिसलाच नाही. म्हणाला, "ताई, ह्यांनी अर्ज न्हाई केला."

पुढं लोक स्वतःच निवाड्याला बसतात आणि वाड्यातल्या आचाऱ्यालाही मारतात. दादांनी थांबवलं. "आचाऱ्यानं काय केलं व्हतं?"
मी पुस्तक मिटलं.

१७ सप्टें., बुध.
शाळेत शिकवत असताना फोन आला. काकी गेली. आई गेल्यावर तिनंच आम्हाला वाढवलं, स्वतःच्या संजूबरोबर. रजा टाकून निघतेय.

१८ सप्टें., गुरु.
लिहवत नाही.

काल पावसात तिरडी फाटकापाशी थांबली. वॉचमन म्हादू, खालच्या कातकरी वस्तीवरचा. मालकाला फोन लागेना. म्हणाला, म्या कुलूप काढलं तर माझं काम जाईल. आमी पोरंबाळं घेऊन कुठं जावं? संजू पुढच्या खांद्याला, रडत होता. विजूनं पहार आणली. म्हादूनं दोन्ही हातांनी फाटक धरून ठेवलं. विजूनं त्याला ढकललं. म्हादूचं डोकं दगडी खांबावर आपटलं.

आमच्यातले दोघं त्याला उचलून टेम्पोकडं धावले. कुलूप तुटलं. तिरडी पुढं गेली. मीही तिच्यामागून गेले. लाकडं ओली, चिता धड पेटेना…

२१ सप्टें., रवि.
म्हादू पुण्याच्या दवाखान्यात, शुद्धीवर नाही. विजूला पोलिसांनी नेलं. वाडीतली पोरं त्याला वाघ म्हणतात. दादांनी त्यांना अंगणातून हाकललं. वाचू का विचारलं. नको म्हणाले.

२३ सप्टें., मंगळ.
दादांनी हट्टच धरला, मला म्हादूच्या घरी न्हे. हात धरून चिखलातून नेलं. त्याची बायको कमळ दवाखान्यातून कपडे न्यायला आली होती. पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. दादांनी हात जोडले, पण ती दुसऱ्या बाजूला उभी होती, त्यांना कळलं नाही.
ती शांतपणे म्हणाली, "तुमची मयत गेली, बाबा. न्यायलाच पायजे व्हती. पर ह्यो तर आपलाच व्हता ना?"


२८ सप्टें., रवि.
म्हादूनं डोळे उघडलेत. कमळला ओळखत नाही.

फाटकाला नवं कुलूप. नवा वॉचमनही आला. आपला संजू. काकीचा संजू. मी जाऊन विचारलं. खाली बघत म्हणाला, "म्या न्हाई तर दुसरा कुनीतरी बसनारच, ताई. आपलं मानूस असलं तर येळंला उघडंल तरी." उघडशील का, असं मी विचारलं नाही. खिशात किल्ली होती की नाही, तेही नाही.

उद्या विजूचा जामीन, भोरला. दादा म्हणतात, त्याला संजूचं सांगू नगंस.
कसं लपवायचं? सुटल्यावर तो पहिला काकीच्या चितेच्या जागेवरच जाईल, त्याच फाटकातून.