हुंकार देणारी खोली

४ फेब्रुवारी

आले एकदाची! बदलीचा हुकूम आला तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी माझ्यासाठी तोंडं पाडली होती आणि मी मनातल्या मनात उड्या मारत होते. कारण ताई याच गावात राहते. बसमधून उतरले तर समोर ताई उभी. माझ्या हातातून बॅग हिसकावून घेतली आणि म्हणाली, किती गं जड झालीस. मी रागावून बघितलं तर म्हणाली, बॅगेला म्हणतेय. दोघी तिथेच उभ्या राहून खो-खो हसलो. मिठू गेल्यापासून ताईला हसताना मी पाहिलंच नव्हतं.

मिठू म्हणजे ताईची मुलगी. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, म्हणून मिठू. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत खेळ आटोपला. भाऊजी त्याच्या कितीतरी आधीच वेगळे झालेले. ताई आता एकटीच. मला मिठूची खोली दिली आहे. तिच्या अभ्यासाच्या टेबलाच्या खालच्या अंगाला तिने चिकटवलेली च्युइंगगमं अजून तशीच आहेत, दगडासारखी कडक. ताई कुणाला काढू देत नाही. रोज संध्याकाळी ती टेबलापाशी बसते, मिठूच्या गोष्टी सांगते, रडते, डोळे पुसते आणि कामाला लागते. मी सोबत बसेन म्हणते. बहीण आणखी कशासाठी असते?

नोकरीचं काम आवडण्यासारखं आहे. शासनाचं मोफत समुपदेशन केंद्र उघडायचंय. ज्यांचं माणूस गेलंय, ज्यांना कुणापाशी मन मोकळं करायला जागा नाही, त्यांच्यासाठी. समुपदेशन करणारी बाई वेगळी येणार. मी जागा भाड्याने घ्यायची आणि पार्टिशन, पंखे, खुर्च्या, पाटी, सगळं उभं करून द्यायचं.

९ फेब्रुवारी

जागा बघून पायाचे तुकडे पडले. एक व्यायामशाळेच्या वर होती. खाली वजनं आपटणार आणि वर माणसं रडणार. दुसऱ्या जागेचा जिना इतका उभा की आधी चढूनच माणूस समुपदेशनाला लायक व्हावा. तिसरी मात्र पसंत पडली. तळमजला, पडद्यांच्या दुकानामागे, चाकाची खुर्ची सहज आत जाईल असा रुंद दरवाजा. पुढे दोन प्रशस्त खोल्या, मागे एक बिनखिडकीची, गारेगार.

भाडेकरारावर सह्या करायला मालकांच्या घरी गेले. पेन्शनर गृहस्थ, चेहरा टवटवीत, कपाळावर आठी म्हणून नाही. भिंतीवर एक जुना फोटो होता. तरुणपणचे मालक आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हसणारी एक बाई. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, या कोण? माझ्याइतक्याच कुतूहलाने ते फोटोकडे बघायला लागले. म्हणाले, कोण जाणे हो, फ्रेम बरी आहे म्हणून ठेवलाय. मी हसले. गंमत करताहेत असं वाटलं.

निघताना एवढंच म्हणाले, की मागची खोली बंद ठेवू नका, आत माणसं बसू द्यात, बोलू द्यात.

१८ फेब्रुवारी

मागची खोली मी सामानासाठी धरली होती. आज मुख्यालयातून फोन आला. समुपदेशनाच्या तीन खोल्या नसतील तर केंद्राला मंजुरी नाही. निकष म्हणजे निकष. म्हणजे आता झाडू-बादल्या बाथरूममध्ये आणि दुःखी माणसं बिनखिडकीच्या खोलीत. साहेबांना तसं म्हटलं तर म्हणाले, खिडकीबद्दल निकषात काही नाही.

सुतारकाम जोरात चाललंय. मिस्त्री कामाचा पक्का पण बोलका. आधी प्लाय, त्यावर जाड फोम, वरून कापड, म्हणजे आतलं बोलणं बाहेर जाणार नाही. प्रत्येक खिळ्यामागे त्याला भाऊ आठवतो. भाऊ बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला, त्याला दोन वर्षं होत आली. भावाची पटाशी अजून हाच वापरतो. मुठीवर भावाने विडीने डागून खूण केलेली आहे, ती मला दोनदा दाखवली. भाऊ असता तर हा कोपरा असा बसला नसता, मॅडम, असं म्हणतो आणि नाक ओढून पुन्हा कामाला लागतो.

२५ फेब्रुवारी

तीन नंबरची, म्हणजे मागची खोली झाली. शेवटचं कापड लावायला मिस्त्री दार ओढून दिवसभर आत एकटाच होता. बाहेर आला तो शीळ घालत. काम बघून मी म्हटलं, तुमच्या भावाने पाठ थोपटली असती.

म्हणाला, "कुठल्या भावाने?"

मला वाटलं, कानात भुसा गेला असेल. पुन्हा म्हटलं, तर हसायला लागला. "नाही मॅडम, मी एकुलता एक. आईचा लाडका."

जाताना एक पटाशी माझ्या टेबलावर ठेवली. ही कुणाची तरी राहिलीय, कुणी विचारायला आलं तर द्या, म्हणाला. मुठीवर डाग होता.

तो गेल्यावर मी आत जाऊन टाळी वाजवून बघितली. आवाज होतो आणि जागच्या जागी मरतो. पाटी कुठे लावायची ते ठरवत होते आणि सवयीने स्वतःशीच बोलत होते, इथे दिसेल का, की जरा खाली घ्यावी. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "हं."

कुणी आपलं बोलणं मन लावून ऐकत असलं की मध्ये मध्ये देतं ना हुंकार, अगदी तसा. मागे वळले. कुणी नव्हतं.

दमलेय. दुसरं काही नाही.

१२ मार्च

उद्घाटन होऊन आठवडा झाला. फीत, भाषण, फोटो, सगळं यथासांग. समुपदेशन करणारी बाई तरुण आहे. शिपायाने तिचं नाव डॉक्टरीण पाडलंय आणि तिनेही सोडून दिलंय. आई अकाली गेली म्हणून या कामात आले, असं पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं. बोलताना डोळे भरले होते. मला आवडली.

आज ती वैतागून आली. म्हणाली, तीन नंबरमध्ये माणूस बसवते, पाण्याचा ग्लास घेऊन जाते, तर तेवढ्यात त्याचं आटोपलेलं असतं. सांगून झालं, बरं वाटलं, येतो, म्हणतो आणि उठतो. कुणाला सांगितलं? ते त्यांनाही सांगता येत नाही.

आणि वस्तू राहतात. खुर्चीवर, खुर्चीखाली. एका आजोबांच्या बायकोची शाल राहिली. येताना छातीशी धरून आले होते. एका बाईच्या तान्ह्या बाळाचा एक बूट. मी स्वतः फोन केले. आजोबा म्हणाले, शाल बायकी आहे, माझी कशी असेल? बाई म्हणाली, आमच्याकडे लहान मूल नाही हो, कधीच नव्हतं. आवाज आनंदी होता.

मुख्यालयातून अभिनंदन आलंय. समाधानी लाभार्थ्यांच्या संख्येत आपलं केंद्र पहिलं.

१९ मार्च

नक्की काय होतं ते स्वतः बघते, असं म्हणून डॉक्टरीण आत गेली. मी दाराशी होते. दार इतकं चांगलं बनवून घेतलंय मी, की काही ऐकू आलं नाही.

बाहेर आली ती केस सारखे करत. म्हणाली, काही नाही हो, शांत वाटतं. मी मुद्दाम विचारलं, या कामात कशी आलीस? ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "सरकारी आहे ना. बरी असते."

तिच्या टेबलावर आईचा फोटो होता. तो तिने उलटा करून त्यावर कप ठेवला.

२४ मार्च

मी मुख्यालयात तक्रारीचा फोन केला, म्हणून साहेब पाहणीला आले. कशी असते पाहणी? दाराची रुंदी मोजली, पंखा लावून बघितला, कापडावरून हात फिरवला. मी म्हटलं, लोक आपली माणसं विसरताहेत. म्हणाले, मग आपण काय करायला बसलोय? दुःख कमी करायलाच ना? मी म्हटलं, दुःख नाही, माणूसच जातंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही इथे येणाऱ्यांकडे पाहतो.

"एकाची तक्रार नाही. तुमचीच तेवढी."

अशी खोली प्रत्येक केंद्रात करायची म्हणे. माझं अंदाजपत्रक नमुना म्हणून फिरणार आहे. माझ्या सहीनिशी.

ताईला बजावलंय, केंद्राकडे फिरकायचं नाही. काही झालं तरी. ती म्हणाली, जगाला बोलावतेस आणि सख्ख्या बहिणीला नको?

३० मार्च

मुख्यालयात बैठक होती. संध्याकाळी घरी परतले तर माझ्या खोलीतून खरवडल्याचा आवाज.

ताई टेबलाखाली आडवी. हातात सुरी. शेजारी कागदावर च्युइंगगमचे कडक तुकडे.

"बघ की," म्हणाली, "कसली घाणेरडी माणसं राहून गेलीत इथे. कोण होतं गं आपल्या आधी?"

मी विचारलं, आज केंद्राकडे गेली होतीस का?

दुपारी गेली होती. डॉक्टरीण भली आहे गं, म्हणाली, लगेच आत बसवलं.

१ एप्रिल

मिठूचे फोटो पुढे ठेवले. सगळे. ताईने एकेक नीट पाहिला, पाहुण्यांचा अल्बम पाहतात तसा. गोड आहे, म्हणाली, तुझ्या मैत्रिणीची का? मी म्हटलं, तुझी आहे. ती हसली. मग घाबरली. माझ्यासाठी घाबरली.

झोपते छान. गुणगुणते. शेजारीण म्हणाली, तुमची ताई कशी उमलली बघा. आणि खरंच. मी कोण तिला पुन्हा रडवणारी? तिला सगळं पुन्हा पटवून द्यायचं, की तुला मुलगी होती आणि ती मेली? कुठल्या तोंडाने?

पण मग मिठू कुठे राहिली? माझ्या डोक्यात. फक्त तिथेच.

४ एप्रिल

जेवताना रडू आवरलं नाही. ताईने ताट सरकवलं, मला जवळ घेतलं. कुठलं तरी लहान मूल मनात घेऊन बसलीस, म्हणाली. लग्न केलं नाहीस, त्याचं होतं असं. तुझ्याच ऑफिसात इतकी चांगली सोय आहे —

डॉक्टरिणीशी बोललीय. साहेबांशीही. सगळ्यांना माझी काळजी.

६ एप्रिल

मिस्त्रीला म्हटलं, सगळा फोम काढून टाका. हात लावणार नाही म्हणाला. इतकी चांगली खोली.

मीच काढणार. उद्या सुट्टी आहे. भर दिवसा जाणार. पटाशी आहे माझ्याकडे.

एक कळलंय. बोललं तरच घेते. मिस्त्री एकटाच बडबडत होता आत. डॉक्टरीणही बोलली असणार. तोंड उघडायचं नाही. बास.

७ एप्रिल

कापड फाडलं. फोम पांढरा होता, मी स्वतः निवडला होता. आता लालसर. ओला. उबदार, गालाच्या आतल्या बाजूसारखा. पटाशी घातली की आक्रसतो.

दार लागलं.

मी नाही लावलं. बाहेरून कडी. ताई आहे, डॉक्टरीण आहे. मिस्त्रीने सांगितलं असणार. दाराच्या फटीला तोंड लावून ताई म्हणतेय, घाबरू नकोस गं, थोडा वेळ नुसती बस, बरं वाटेल. किती मायेने म्हणतेय.

ओरडायचं नाही. ओरडणं म्हणजेही बोलणंच. वही पिशवीत होती. लिहीत बसते. लिहिलेलं खोलीला ऐकू जाणार नाही.

हं.

मी काहीच बोलले नाही तरी —

घाई नाही तिला. भिंती जवळ आल्यासारख्या — नाही, तेवढ्याच आहेत. वाकल्यात. ऐकायला वाकतं ना माणूस, तशा.

आता हुंकार नाही. विचारलं. "आणि तू?"

एवढंच. आणि तू?

हे कुणी विचारलंच नव्हतं. वर्षभर. सगळे ताईला भेटायला यायचे. तिचा हात धरायचे. मी पाणी द्यायचे, दार उघडायचे, चपला सरळ करायचे. मावशीला कोण विचारतं? रजा काढून आले होते मी तेव्हा. शेवटी ती माझ्या मांडीवर होती. ताई औषध आणायला गेली होती. ती मला म्हणाली, मावशी, मी आता जरा गप्प बसते हं — ती, जी कधी गप्प बसली नाही, ती — हे मी ताईलाही नाही सांगितलं — कुणालाच नाही —

माझे ओठ हलताहेत.

लिहिताना मी हे मोठ्याने —

हं, म्हणाली. मग?

थांबायचं. थांबायचं. पण इतकं हलकं — छातीवरचा दगड — कुणीतरी ऐकतंय, शेवटपर्यंत ऐकतंय — मग काय, मग तिचे केस ओले होते घामाने, आणि मी तिला हाक मारत राहिले, सारखी हाक मारत राहिले, तिला आम्ही सगळे म्हणायचो — तिला म्हणायचो