पहिल्या पिंपाचा घोट

कुल्मबाख, नाताळाच्या आधी

वाल्बुर्गाताई,

तुला आणि आईला कोर्बिनियनचा नमस्कार. मी खाऊनपिऊन बरा आहे. आईचा खोकला कसा आहे? तांबडी गाय व्याली का?

इथे काळ्या हिवाळी बिअरचं पहिलं पिंप परवा उघडलं. रिवाजाप्रमाणे पहिला घोट माझा, कारण गेल्या वर्षी कामगारांत माझंच नाक सगळ्यांत तिखट ठरलं होतं. म्हणून तर आलोइस मालक मला यंदा बिअर मुरते त्या तळघरात घेणार होते.

ताई, ऑक्टोबरातल्या तापानंतर मला वासच येत नाही. गोड आणि कडू तेवढं जिभेला कळतं. कुणाला बोललो नव्हतो. घोट घेतला आणि गेल्या वर्षीचंच ठोकून दिलं, "भाजक्या पावाची कड, मागून सुकं आलुबुखार. झकास!"

आमच्या कामगारांतला म्हातारा झावर खो खो हसला. "अरे गाढवा, पिंपाला बुरशी लागलीय! नाक काय गावी विसरून आलास?"

मालक हसले नाहीत. "पोरा, तू आपला पिंपंच धूत राहा," एवढंच म्हणाले.

रोज सकाळी बिअरमधली ती उग्र वासाची हॉपची फुलं चुरगाळून नाकाशी धरतो. काही नाही. आता माझं इथे काय उरलं, आणि तिथे येऊन तरी काय करू?

आईला यातलं काही सांगू नकोस. तिने पाठवलेला लवंग-दालचिनीचा केक पोचला. डबा उघडताच खोलीभर घमघमाट सुटला, एवढं सांग. खोटं नाही ते. खोलीतली बाकीची पोरं तसंच म्हणाली.

तुझा धाकटा,
कोर्बी