पिंजऱ्याची खिडकी

प्रिय ठकू,

पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोन हाताशी असताना बाबा लिहीत का बसले, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच "जेवलात का?" विचारतेस आणि मला आयती पळवाट मिळते. कागद मध्ये बोलत नाही.

तुमच्या गावाची मी पहिल्या दिवसापासून चेष्टाच केली. पिशवी नेली नाही म्हणून दुकानदाराने साखर न देता परत पाठवलं. चहावाल्याकडे आपला कप आपणच विसळायचा. किनाऱ्यावर मी बिडीचं थोटूक टाकलं, तर जाळं सांधत बसलेल्या आजीबाई उठल्या आणि "काका, तुमचं काहीतरी पडलं" म्हणून ते माझ्या हातावर ठेवून गेल्या. या गावात कचरा टाकायलाही वशिला लागतो, असं मी जेवताना म्हणालो तेव्हा तू खो खो हसलीस. जावईबापूही हसले. तो माणूस हसतो, बोलत मात्र नाही. मला वाटायचं, बोलण्यासारखं काही नसेल त्याच्याकडे. आता हे लिहितानाही कान गरम होतायत.

पण गावाने मला लळा लावला. टेलरमास्तर आलेत म्हटल्यावर कुणी शर्टाची कॉलर उलटून घ्यायला आलं, कुणी जुन्या शिडाच्या पिशव्या शिवून घ्यायला. उभ्या जन्मात माझी शिवण कधी उसवली नाही, हे मी येईल त्याला ऐकवत होतो. तूच एकदा म्हणालीस, बाबा, आता पाटीच लावा दारावर.

कामं संपली की मात्र करमेना. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली गत. एका दुपारी तुम्ही दोघंही बाहेर होतात. ओसरीवर खेकड्यांचे पिंजरे रचून ठेवले होते आणि कोपऱ्यात एक पिंजरा वेगळा पडला होता. त्याची बाजूची छोटी खिडकी उघडी लोंबत होती, कारण ती बांधलेला सुती दोरा कुजून तुटला होता. मला हसू आलं. समुद्रात टाकायच्या वस्तूला सुती दोरा! जावई चिक्कू आहे, असं मनात म्हणालो. मासळी लिलावाच्या शेडवरून नायलॉनची दोरी आणली, खिडकी चहूबाजूंनी शिवली, शेवटी माझी ती दुहेरी गाठ मारली आणि पिंजरा रचलेल्या पिंजऱ्यांवर ठेवून दिला. कुणाला विचारलं नाही. कधीतरी त्यांच्या लक्षात येईल, मग आपली वाहवा होईल, असा हिशेब. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच जावईबापू सगळे पिंजरे होडीत घालून घेऊन गेले आणि मी विसरून गेलो.

पुढे समुद्र खवळला, काही पिंजरे दोर तुटून हरवले, एवढं कानावर आलं होतं. त्यातला एक कुणाच्या तरी जाळ्यात वर आला, ती सकाळ तुला आठवत असेल. लिलावाच्या शेडमध्ये सगळा गाव जमला होता. तुमच्या घराचा निळा पट्टा असलेला पिंजरा, आत मेलेले खेकडे, काही नुसती कवचं, आणि तो वास. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षबाई भयंकर चिडल्या होत्या. दोरा सुती का बांधायचा, ते मला तिथे कळलं: पिंजरा हरवला तरी दोरा कुजतो, खिडकी उघडते, आतला जीव सुटतो. नाहीतर मेलेल्याच्या वासाने दुसरे शिरतात आणि तेही मरतात. "घरोघर जाऊन आम्हाला हे पटवलं कुणी? तू! आणि तुझ्याच पिंजऱ्याला नायलॉन?" असं त्या जावईबापूंना विचारत होत्या.

ती गाठ मी लांबूनच ओळखली. जावईबापूंनीही ओळखली. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "घाईत झालं माझ्याकडून." तेव्हा मी मिठाची गुळणी धरून बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही! लोक माझ्याकडे वळून बघतील या भीतीने मीच पुढे झालो आणि सगळ्यांसमोर त्यांना सुनावलं, जावईबापू, काम करताना माणसाचं लक्ष जागेवर हवं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. समुद्रावर जाण्याआधी गावाचे पिंजरे तपासायचं काम त्यांच्याकडे होतं, ते त्याच दिवशी काढून घेतलं. आता स्वतःचे पिंजरेही त्यांना दुसऱ्याला दाखवून मग न्यावे लागतात.

परवा फोनवर तू म्हणालीस, बाबा, तुम्ही बोललात ते बरंच केलंत, त्यांचा निष्काळजीपणा मला सहन होत नाही, आठवडाभर मी बोललेली नाही त्यांच्याशी. आणि मी "हं" म्हणालो. त्या "हं"ने मला झोपू दिलेलं नाही. मी निघालो त्या दिवशी स्टँडवर माझी बॅग वर चढवताना ते हळूच म्हणाले होते, "तिला काही सांगू नका बाबा. तुमच्याबद्दल तिला फार अभिमान आहे, तिला वाईट वाटेल." ठकू, मला तेव्हा रडू यायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. मी मान हलवली आणि खिडकीजवळची जागा धरली. हे पत्र अध्यक्षबाईंना दे, शेडमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांग. आणि त्या बोलावतील त्या दिवशी मी येऊन तिथे उभा राहीन. पण ते सगळं नंतर. आधी उठ, आणि त्यांच्याशी बोल.

तुझाच, पण तुझ्या अभिमानाला न शोभलेला,
बाबा